शेजारची दवपेटी

अर्चना बारंगुळेच्या घरी कधी काही संपत नसे. गव्हाच्या कोठ्यांत कडुनिंबाचा पाला, तुरीच्या डाळीला एरंडेलाचं बोट, तांदळाला बोरिक पावडर. सिलेंडर संपला तर शेगडी, शेगडीसाठी जिन्याखाली रचलेला कोळसा. वीज गेली तर छतावरच्या सौर पट्ट्या आणि त्याही रुसल्या तर काच पुसून ठेवलेला कंदील. बार्शीच्या बाहेर, लातूर रस्त्याला लागून असलेल्या त्या रो-हाउसच्या गल्लीत कुणाला अवेळी काही लागलं तर लोक दुकानाआधी तिचं दार वाजवत.

हे वेड तिला उगाच लागलं नव्हतं. महासाथीच्या दुसऱ्या लाटेत तिचा नवरा संदीप गेला, तेव्हा ती ऐन तिशीत होती आणि ईश्वरी पाच वर्षांची. ऑक्सिजनची टाकी मिळवायला ती सोलापूरपर्यंत फोन करत राहिली होती. सगळीकडून एकच उत्तर आलं, उद्या बघू. त्या उद्याची वाट बघता बघता संदीप गेला. पुढं ती कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागली, मुलीला शिकवलं, तिचं लग्न करून दिलं. पण ऐन वेळेला कुणी येत नसतं, आपलं आपणच भरून ठेवावं लागतं, ही गोष्ट तिच्या मनात जी रुतून बसली ती कायमची.

भरून ठेवायचं कसं, हे मात्र तिला शेजारच्या सुमनकाकू घोलपांनी शिकवलं. दोन्ही घरांची भिंत एक होती आणि गच्च्यांच्या मध्ये फक्त कमरेइतका कठडा. संदीप गेल्यानंतर अर्चना स्वतः आजारी होती, तेव्हा काकूंनी ईश्वरीला आपल्या घरी नेलं आणि दोन्ही वेळचा डबा त्या कठड्यावर ठेवत राहिल्या. नंतरच्या उन्हाळ्यांत त्याच कठड्याच्या आडोशाला त्यांनी अर्चनाला कुरडयांचा चीक शिजवायला, सांडगे घालायला, पापड पुरेसे वाळले की नाही ते कानाशी मोडून ओळखायला शिकवलं. काकू आता सत्तरी ओलांडलेल्या. साखर होती, गुडघे धरत, पण वाळवण सुटलं नव्हतं. त्यांचे यजमान नाना एसटीतून निवृत्त झालेले. त्यांना मुतखड्याचा जुना त्रास होता आणि डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला सांगितलेलं होतं.

आणि नेमकं पाणीच त्या गल्लीत मिळेनासं झालं होतं. धरणाचा साठा सलग काही वर्षं तळाला जात होता. बोअर आटले होते. नळ आला तर आला, टँकरचं पाणी मचूळ, ते धुण्याभांड्याला. प्यायच्या पाण्यासाठी सरकारी योजनेतून घरोघर दवपेट्या आल्या होत्या.

दवपेटी म्हणजे वरून काचेचं झाकण असलेली पत्र्याची उथळ पेटी. आत एका ट्रेमध्ये पिवळसर भुकटी पसरलेली. ही भुकटी धातू आणि कार्बनी रेणू यांची जाळी विणून तयार केलेली असते आणि त्या जाळीत इतकी सूक्ष्म भोकं असतात की, मूठभर भुकटीच्या आतले सगळे पृष्ठभाग उलगडून पसरले तर क्रिकेटचं मैदान झाकलं जाईल. हवा कितीही कोरडी वाटली तरी तिच्यात थोडी वाफ असतेच. रात्री झाकण उघडं ठेवायचं, भुकटी ती वाफ आपल्या भोकांत धरून ठेवते. सकाळी झाकण लावायचं. ऊन तापलं की भुकटी वाफ सोडते, ती काचेला भिडते, थेंब होतात आणि पन्हळीतून खालच्या भांड्यात उतरतात. ना वीज, ना पंप. घोलपांच्या पेटीतून दुपारपर्यंत एक कळशी भरे आणि दोन म्हाताऱ्या माणसांना ती पुरे. काकूंना त्या पेटीचं फार कौतुक होतं. देवाला निरांजन लावावं तशा त्या रोज दिवेलागणीला गच्चीवर जाऊन तिचं झाकण उघडत.

अर्चनाकडेही तशीच पेटी होती. पण त्या वर्षी ईश्वरीला दिवस गेले आणि पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं ठरलं. चैत्रात ती येणार, ऐन जेठात बाळंत होणार. बाळंतिणीला न्हायला पाणी, बाळाचे कपडे उकळायला पाणी, प्यायला स्वच्छ पाणी. अर्चनानं छोटी पेटी विकली आणि मोठी बसवून घेतली. कपाटाएवढी, पंख्याची. ही पेटी रात्रीची वाट बघत बसत नसे. पंखा हवा आत ओढे, भुकटीच्या चकत्या तिच्यातली वाफ टिपून घेत, सौरऊर्जेवरचा तापक त्या चकत्या पुन्हा मोकळ्या करी, आणि हे चक्र दिवसरात्र चालू राही. वाफ काढून घेतलेली कोरडी हवा मागच्या जाळीतून बाहेर पडे.

बसवायला आलेल्या माणसानं जागा बघितली. एका बाजूला जिन्याची खोली, दुसऱ्या बाजूनं हवा आत घ्यायची. कोरडी हवा सोडायला राहिली ती घोलपांच्या गच्चीची बाजू. त्यानं कठड्यापलीकडे पाहून विचारलं की, तिकडे कुणाची पेटी आहे का, कारण मग मधे बरंच अंतर ठेवावं लागतं. अर्चना म्हणाली, लहानशी आहे, काही होत नाही. त्या क्षणी तिला ते खरंच तसं वाटलं होतं का, हे तिला पुढं कितीही आठवून सांगता आलं नाही.

मोठ्या पेटीनं पहिल्याच आठवड्यात पिंप भरलं. अर्चनाला हायसं वाटलं. ईश्वरी आली, सुजलेल्या पायांनी सोफ्यावर बसली आणि आईनं पुढं केलेला गार पाण्याचा तांब्या एका दमात प्यायली. ते बघताना अर्चनाला वाटलं, आता कुणाच्या उद्याची वाट बघायला नको.

त्याच सुमारास काकूंच्या पेटीतून पाणी येईनासं झालं.

आधी त्यांना वाटलं, काच मळली असेल. नानांनी काच धुतली, पन्हळ साफ केली, भुकटी उन्हात सारखी केली. कळशीच्या तळाला जेमतेम ओल आली. योजनेच्या कार्यालयात तक्रार केली तर तिथल्या मुलीनं सांगितलं की, भुकटी जुनी झाली असेल, नवी आली की कळवू. काकूंनी अर्चनाला बोलावून घेतलं. तू प्रयोगशाळेतली, तुला कळेल, म्हणाल्या.

अर्चनानं कॉलेजातला आर्द्रतामापक पिशवीत घालून आणला. दिवस मावळला होता, वारा पडला होता. तिनं आधी आपल्या गच्चीच्या पुढच्या टोकाला, रस्त्याच्या बाजूला आकडा बघितला. मग कठडा ओलांडून काकूंच्या पेटीजवळ गेली. काटा खाली उतरला आणि तिथंच थांबला. तिच्या पेटीच्या जाळीतून येणारी कोमट, कोरडी झुळूक तिच्या हातावर येत होती.

त्या भुकटीचा स्वभाव तिला माहीत होता. हवेतला ओलावा निम्मा झाला तर पाणी निम्मं मिळेल, असा हिशेब तिथं चालत नाही. एका ठरावीक पातळीच्या वर ओलावा असेल तर ती भोकं अधाशासारखी भरतात, आणि त्या पातळीच्या जरा खाली गेला की काहीच धरत नाहीत. बार्शीच्या उन्हाळ्यातली हवा त्या पातळीच्या जेमतेम वर असायची. तिच्या यंत्रानं तेवढाच वरचा भाग खरवडून नेला होता. काकूंची भुकटी शाबूत होती. फक्त तिला धरण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अर्चना आपल्या गच्चीवर परतली आणि तिनं पंखा बंद केला. थोड्या वेळानं पुन्हा जाऊन पाहिलं. काटा वर चढला होता. म्हणजे शंकेलाही जागा राहिली नाही. रात्रीपुरता पंखा बंद ठेवला असता तर काकूंची कळशी भरली असती. तिचं पाणी निम्म्यावर आलं असतं, इतकंच. ती बटणावर हात ठेवून उभी राहिली. खालून ईश्वरीनं हाक मारली की, आई, पाठ फार दुखतेय, गरम पाण्याची पिशवी देतेस का. अर्चनानं पंखा पुन्हा चालू केला आणि खाली गेली.

दुसऱ्या दिवशी काकूंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, भुकटी गेलीय काकू, नवी येईपर्यंत इलाज नाही. आणि पुढं हेही म्हणाली की, तोवर रोज एक कळशी मी देत जाईन.

ते ऐकून काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. अर्चनाला त्यांच्याकडे बघवेना.

मग रोज सकाळी अर्चना कठड्यावर भरलेली कळशी ठेवू लागली. गल्लीत ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. आजच्या दिवसांत सख्खा भाऊ घोटभर देत नाही आणि बारंगुळेबाई रोज कळशी देतात, असं लोक बोलू लागले. कुणीतरी तिचं उदाहरण मुलांना दिलं. नाना रस्त्यात भेटले की हात जोडत. अर्चना मान खाली घालून निघून जाई, आणि लोकांना तो तिचा विनय वाटे. त्यांचंच पाणी आपण त्यांच्या हवेतून काढून घेतो आणि त्यांनाच दान म्हणून देतो, हे तिला रोज कळशी उचलताना मनगटात जाणवायचं. पण बंद करू म्हटलं की, ईश्वरीचं पोट डोळ्यांसमोर येई. बाळ झालं की बंद करू, असं ती स्वतःला सांगे. नव्या भुकटीची तारीख लागेल, पाऊस येईल, काहीतरी होईल.

काकू कुणाचं फुकट घेणाऱ्यातल्या नव्हत्या. रिकामी कळशी परत येताना तिच्यात कधी मेतकुटाची पुडी असे, कधी कुरडयांची चवड, कधी बाळंतिणीसाठी साजूक तुपातले डिंकाचे लाडू. हे सगळं त्यांनी आपल्या म्हातारपणासाठी साठवलेलं होतं. अर्चना नको म्हणे, काकू ऐकत नसत. मग एका सकाळी त्या स्वतःच कठड्याशी आल्या. म्हणाल्या की, आता रोज नको, एक दिवसाआड दे. तुझ्याकडं बाळंतपण आहे, पाणी किती लागेल ते मला ठाऊक आहे. आमचं दोघांचं भागतं.

अर्चनानं एकदा आग्रह केला. दुसऱ्यांदा केला नाही. पायऱ्या उतरताना आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय हे तिच्या लक्षात आलं, आणि त्या वाटण्याची तिला शिसारी आली.

वैशाख सरत आला तेव्हा ऊन असह्य झालं होतं. एका दुपारी नानांनी कठड्यावरून हाक मारली. त्यांचा आवाज कधी असा ऐकला नव्हता. अर्चना धावत गेली तर काकू स्वयंपाकघरात फरशीवर पडलेल्या होत्या. ओठ फुटलेले, जीभ कोरडी, बोलणं असंबद्ध. शेजारच्यांच्या गाडीतून त्यांना बार्शीतल्या आणि तिथून सोलापूरच्या इस्पितळात हलवलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि सांगितलं की, मूत्रपिंडं जवळपास बंद पडली आहेत. साखरेनं ती आधीच थकलेली होती, त्यात गुडघ्यांसाठी घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्या, आणि सगळ्यांत वाईट म्हणजे दिवसेंदिवस फार कमी पाणी. यांना घरी प्यायला पाणी नव्हतं का, असं त्यांनी विचारलं.

नाना व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. ते अर्चनाला म्हणाले, "मी विचारायचो, तू प्यालीस का. म्हणायची, आत्ताच प्याले. मी माझा तांब्या रोज संपवत होतो, आणि ती मला भरून देत होती. मला कसं कळलं नाही गं?"

अर्चना त्यांच्या शेजारी बसून राहिली. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तो थकलेला माणूस तिच्या खांद्याचा आधार घेऊन बसला होता, आणि तो आधार काढून घ्यायचं धाडस तिला झालं नाही.

घरी आल्यावर ती थेट गच्चीवर गेली आणि तिनं पेटी बंद केली. ईश्वरी जिना चढून मागोमाग आली, धापा टाकत. काय झालं विचारलं. अर्चनानं मुलीला सगळं सांगितलं, मापकाच्या काट्यापासून एक दिवसाआडच्या कळशीपर्यंत. ईश्वरीनं कठड्यापलीकडे, घोलपांच्या घराकडे पाहिलं. मग म्हणाली, "मी त्या घरात जेवलेय आई. तू उठू शकत नव्हतीस तेव्हा."

"तुझ्यासाठीच केलं ना गं."

"माझ्यावर नको टाकूस हे," ईश्वरी म्हणाली. "मला विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. म्हणूनच तू विचारलं नाहीस."

ती भिंतीचा आधार घेत खाली गेली. त्या संध्याकाळी अर्चनानं घोलपांच्या गच्चीवर जाऊन काकूंच्या पेटीचं झाकण उघडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पन्हळीतून धार लागली आणि कळशी काठोकाठ भरली. नाना कपडे न्यायला घरी आले होते. त्यांनी ती कळशी बघितली आणि लहान मुलासारखे हसले. सोलापूरला जाऊन ते काकूंना म्हणाले की, आपली पेटी सुधारली, तुझी तब्येतपण सुधारणार बघ. अर्चना तिथंच पलंगाच्या पायाशी उभी होती.

काकूंना शुद्ध होती. मानेला नळी लावलेली, हात सुजलेले. त्या बराच वेळ नानांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी अर्चनाकडे पाहिलं.

अर्चनाला आता थांबता आलं नाही. नानांच्या देखत तिनं सांगितलं की, भुकटी कधीच बिघडली नव्हती. माझ्या पेटीची कोरडी हवा तुमच्या पेटीवर येत होती. मी मोजून पाहिलं होतं, मला माहीत होतं, आणि तुम्हाला मी खोटं सांगितलं. आवाज फुटू नये म्हणून ती एकेक वाक्य तोडून बोलत होती. नाना खुर्चीतून अर्धवट उठले आणि पुन्हा बसले. त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. पुढं कितीतरी महिने बघितलं नाही.

काकूंनी डोळे मिटले. त्या झोपल्या असं अर्चनाला वाटलं. मग तशाच, डोळे न उघडता, त्या हळू म्हणाल्या, "सांगायचं नाही का. मी माझी पेटी खाली अंगणात नेली असती. एवढंच तर होतं."

ते अर्चनाला कधीच सुचलं नव्हतं. पेटी हलकी होती, दोघांनी उचलली असती तर दहा पायऱ्यांचं काम. पुढच्या अंगणात रस्त्यावरची मोकळी हवा होती, तिची कोरडी झुळूक तिथं पोचलीच नसती. दोन्ही घरांना पाणी मिळालं असतं. इतक्या दिवसांत तिनं मनात जे तोललं होतं, आपलं बाळ की यांची तहान, ते तोलायची वेळच आली नसती. त्यासाठी फक्त काकूंजवळ जाऊन खरं बोलावं लागलं असतं, आणि तेवढं सोडून तिनं सगळं केलं होतं.

ईश्वरीला मुलगी झाली. पाऊस त्या वर्षी उशिरा, पण भरपूर आला. धरण भरलं, नळाला रोज पाणी येऊ लागलं, गल्लीतल्या निम्म्या लोकांनी आपल्या दवपेट्या माळ्यावर टाकल्या. अर्चनानं कॉलेजात आणि योजनेच्या कार्यालयात जाऊन सगळा प्रकार स्वतःच्या नावानिशी सांगितला. पंख्याच्या पेट्या कुठं आणि कशा बसवाव्यात याचे नियम पुढं झाले. गल्लीला कळलं तेव्हा लोक तिच्याशी बोलताना जरा थांबून बोलू लागले. तिला त्याचं वाईट वाटलं नाही.

काकू घरी आल्या, पण त्यांची मूत्रपिंडं सुधारली नाहीत. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला, रक्त धुऊन घ्यायला न्यावं लागे. डाव्या हाताची शीर त्यासाठी धमनीला जोडलेली होती, त्या हातानं काही उचलायचं नाही. ईश्वरीच्या बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं त्यांनी केव्हापासून ठरवलं होतं. ते राहिलंच. बाळाला अर्चना न्हाऊ घाली, काकू शेजारी खुर्चीत बसून तेल किती घ्यायचं ते सांगत. इस्पितळाच्या दिवशी अर्चनाच त्यांना भाड्याच्या गाडीतून नेई. नाना पुढच्या सीटवर समोरच्या रस्त्याकडे बघत बसत. काकूंनी तिला माफ केलं असं कधी म्हटलं नाही. ये म्हणाल्या, बस म्हणाल्या, आणि घेऊन चल म्हणाल्या.

आता पाणी होतं, पण काकूंना पिता येत नव्हतं. शरीरातून बाहेर टाकायची सोय उरली नव्हती, म्हणून डॉक्टरांनी दिवसाला जेमतेम अर्धी बाटली नेमून दिली होती. आमटी, चहा सगळं त्यातच. त्या तोंडात वेलदोडा ठेवत, कधी बर्फाचा खडा चघळत. तरी घसा सुकायचाच.

भाद्रपदातल्या एका दुपारी ऊन चांगलंच पडलं होतं. अर्चना त्यांना इस्पितळातून घेऊन आली, पलंगावर बसवलं, उशा लावल्या. जिन्यावरून चढउतार करून तिचाही घसा कोरडा पडला होता. काकूंच्या समोर ती कधी पाणी पीत नसे. स्वयंपाकघरात जाऊन, पाठ करून, नळ हळू सोडून पीत असे. ती आत जायला वळली तर काकू म्हणाल्या, "इथं आण."

तिनं पेला भरून आणला आणि हातात धरून उभी राहिली. काकूंनी आपली बाटली पाहिली, अजून संध्याकाळ काढायची होती, ती बाजूला ठेवली.

"पी," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर पी."

अर्चना त्यांच्यासमोर बसली. काकूंची नजर पेल्यावर होती, तिच्या गळ्यावर होती. पहिला घोट उतरताना तिला ठसका लागणार असं वाटलं, पण लागला नाही. पाणी गार होतं आणि फार चांगलं लागत होतं. ती न थांबता, तळ दिसेपर्यंत प्यायली.

"अजून घे," काकू म्हणाल्या.